बंपर उलटा करून बघा, वहिनी

“भाऊजी, आहात का? जरा भिंतीजवळ या. आमच्या ह्यांनी नवं खूळ काढलंय.”

भिवंडीच्या कामतघरात आमच्या शेजारच्या वहिनींनी अशी हाक मारली की समजावं, विषय गाडीचा आहे. काल्हेरची जमीन गोडाऊनला गेली, महिन्याचं भाडं सुरू झालं, तेव्हा बाकीच्यांनी घेतल्या तशा मोठ्या उंच गाड्या वहिनींच्या ह्यांनी, म्हणजे दादांनी, घेतल्या नाहीत. त्यांनी आणली १९७२ ची एमजीबी. दोन माणसांची, कापडी छताची, लाल. पहिल्या दिवशी अख्खी आळी विचारत होती, “एमजी म्हणजे ती हेक्टरवालीच ना?” नाव तेच, कूळ वेगळं. हेक्टर गुजरातेत हालोलला बनते, तीही २०१९ पासून. दादांची एमजीबी इंग्लंडातल्या ॲबिंग्डनची. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि दादांच्या वाट्याला त्यातली बिनबंपरची आली.

“बिनबंपरची कशी? पुढे होता की एक,” वहिनी म्हणाल्या.

“तो पद्मिनीचा, वहिनी.”

आधीच्या मालकाचा तो प्रताप. मुंबईत पद्मिनीचे सुटे भाग कुठेही मिळायचे, गाडीच कुर्ल्यात बनायची ना. पठ्ठ्याने बंपर दोन्ही बाजूंनी कापला, वेल्डिंग मारलं, वरून चांदी रंग फासला. विलायती गाडीच्या तोंडावर काळ्यापिवळ्या टॅक्सीची मिशी! दादांनी ती गेल्या आठवड्यात उतरवली आणि आता गाडी दात काढलेल्या आजोबांसारखी अंगणात उभी आहे.

“म्हणतात, फायबरचा बसवणार. तिघांनी तीन भाव सांगितलेत. तुमची हयात मागावर गेली, कापडातलं तुम्हाला कळतं. फायबर म्हणजे काचेचं कापडच ना? मग सांगा, हे लुटले तर जाणार नाहीत?”

बाई हुशार. मुद्द्याला हात घातला.

मी म्हटलं, आधी हे बघा, मुळात त्या गाडीला काय होतं. १९७२ ची म्हणजे क्रोमवाली. पोलादी पट्टी, तिच्यावर क्रोमचं पाणी आणि मध्ये उभे दोन गुटके, त्यांना ओव्हररायडर म्हणतात. मग अमेरिकेनं कायदा केला की हळू धडकेत गाडीचे दिवे-बिवे फुटता कामा नयेत. १९७४ च्या मॉडेलवर कंपनीने आधी रबराचे दोन टपोरे गुटके बसवले. तिकडच्या लोकांनी त्यांना एका इंग्लिश नटीचं नाव ठेवलं.

“नटीचं का?”

“ते दादांना विचारा.”

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग हसू दाबत लसूण सोलायला घेतली. त्याच वर्षाच्या शेवटाकडे गुटकेही गेले आणि अख्खा काळा रबरी बंपर आला. आत पोलाद, बाहेर रबर, वजन भरपूर. वर दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी दीडेक इंच उचलली. जमिनीला चिकटून पळणारी गाडी उंच झाली, वळणावर झुकायला लागली. एमजीबीवाले आजही त्यावर नाक मुरडतात. म्हणजे बंपर ही साधी पट्टी दिसते, पण ती बदलली की गाडीची चाल बदलू शकते. दादांनी रबरी बंपरचा विचारही करू नये. त्यांच्या गाडीचं ते वय नाही.

“मग लोखंडाचाच घ्यावा की! निदान टिकेल.”

टिकेल, पण कुठला? जुना असता तर प्लेटिंगवाल्याकडे देता आला असता. आधी तांबं, मग निकेल, वर क्रोम, असे थर चढवतात. निकेल पातळ पडला की आपल्या एका पावसाळ्यात पोपडे येतात, आणि बाहेरून ते आधी कळत नाही. नवे पोलादी बंपर इंग्लंडात अजून मिळतात, पण एवढी लांब वस्तू विमानाने आणायची, कस्टम भरायचं, आणि खोक्यातून वाकलेली निघाली तर भांडायचं कुणाशी? खऱ्या क्रोमचा हट्ट असेल तर तो रस्ता आहे. दादांना घाई आहे आणि पैसे गोडाऊनच्या पत्र्यांतही अडकलेत.

तर फायबर. त्याला कमी लेखू नका. अमेरिकेतली कॉर्व्हेट १९५३ साली आली ती अख्ख्या फायबरच्या अंगाची. पहिल्या वर्षी तीनशे गाड्या, सगळ्या पांढऱ्या. आपल्याकडे बेंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन फायबरची होती, पुढे १९९८ च्या सुमारास तिथल्याच सॅन मोटर्सची स्टॉर्म आली, तीही दोन माणसांची, तीही फायबरची. गंजायचं नाव नाही. वजनाला हलकं. आणि हा काचेचा धागा तळोज्यालाही बनतो, आपल्यापासून काही सातासमुद्रापार नाही.

“ते तिघे कोण आहेत, ते तरी सांगा,” मी म्हटलं.

एक इंग्लंडचा पार्सलवाला. तो फायबरचाच, पण तयार साच्यातला. दुसरा खाडीकाठचा, होड्यांना फायबर चढवणारा. तिसरा गणपतीच्या दिवसांत डेकोरेशनचे खांब, हत्ती, सिंह करणारा. तिसऱ्याचा भाव सगळ्यांत कमी, आणि त्याच्याकडचा नमुना सगळ्यांत चकचकीत. दादांचं मन अर्थातच तिकडे.

इथे मी वहिनींना म्हटलं, ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचा तागा घेताना आपण काय करतो? उलटा करतो. व्यापारी सुलटी बाजू दाखवणार, तुम्ही उलटी बघायची. बंपरचंही तेच. बाहेरची चमक असते जेलकोटची. साच्यात पहिल्यांदा रंगीत रेझिनचा, म्हणजे काच धरणाऱ्या डिंकाचा, तो थर मारतात, आणि साचा गुळगुळीत असला की कोणाचाही माल आरशासारखा निघतो. खरं काम असतं पाठीमागे. तिथे काचेचे पांढरे कोरडे तंतू दिसले म्हणजे रेझिन पोचलेलं नाही. जागोजागी रेझिनची तळी साचलेली असतील तर तिथे तडा जाणार. बुडबुडे दिसले तर हातानं रोलर फिरवायचा कंटाळा केलेला. रुपयाच्या नाण्यानं ठोकत जायचं. खणखणीत वाजला तर थर एकमेकांना धरून आहेत, बद्द वाजला तर मध्ये हवा.

“आणि जाडी?”

जाडीला आपली भाषा चालते, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. फायबरमध्ये दोन प्रकारचा माल लागतो. एक मॅट, म्हणजे आखूड तुकडे अंथरून दाबलेले. ती विणलेली नसते. दुसरं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या जाड धाग्याचं सरळ ताणा-बाण्याचं कापड, आपल्या मागावरच्या कोऱ्या कापडाचं थोरलं भावंड. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर सुकल्यावर साधारण एक मिलिमीटर होतो. डेकोरेशनच्या सिंहाला दोन थर पुरतात, तो मांडवात उभाच राहणार आहे. बंपरला मॅटचे दोन-तीन थर आणि मध्ये एक रोव्हिंग हवं. मात्र रोव्हिंग जेलकोटला लागून नको. उन्हात गाडी तापली की त्याची वीण रंगातून वर उमटते. भिवंडीच्या माणसाच्या गाडीवर कापडाची वीण दिसावी हे शोभेल म्हणा, पण दादांना नाही आवडणार.

होडीवाल्याची गोष्ट उलटी. त्याचा हात जड. होडीला तेच पाहिजे, खाडीत पाणी रोज मारतं. त्याचा बंपर मजबूत होईल, पण वजनाला पोलादाशी बरोबरी करील, आणि बारीक कडा त्याला जमतील की नाही शंका. तरी मी त्याच्याच बाजूचा. जास्त जाड काम घासून कमी करता येतं. पातळ काम कोणी जाड करीत नाही, तुमच्यासमोर हो म्हणून मागे पुट्टी भरतो. शिवाय आयसो रेझिन म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. ते साध्या जीपी रेझिनपेक्षा पाण्याला कमी दाद देतं. होडीवाल्यानं स्वस्तात साधं वापरलं तर त्याचं गिऱ्हाईक बुडेल, अगदी शब्दशः!

“पण त्याच्याकडे एमजीबीचा साचा कुठला असणार?” वहिनींनी नेमकं अडवलं.

नसणारच. साचा करायला नमुना लागतो, आणि पद्मिनीची मिशी नमुन्याला चालणार नाही. मुंबईत जुन्या गाड्या जपणारे पुष्कळ आहेत. कुणाचा तरी मूळ बंपर चार दिवस मागून आणावा, त्याला भरपूर मेण घासून साचा काढावा. फक्त बंपर गाडीवरून उतरवल्यावर वाकलेला नाही ना, ते सपाट लादीवर ठेवून बघावं. नमुना वाकडा तर सगळी वंशावळ वाकडी.

हे काम आत्ताच करायचं. श्रावणात नको. हवेत ओल असली की मॅट ती शोषून घेते, रेझिन नीट धरत नाही. मग कारागीर घाईने हार्डनर वाढवतो. शंभराला एक-दोन भाग पुरतो, तो चार घालतो. माल तापतो, आक्रसतो, ठिसूळ होतो. आणि हो, दादा तिथे उभे राहून मदत करणार असतील तर त्यांना बजावा, रेझिनला वेग देणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतायचे नाहीत. भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये ढवळायचं, दुसरं नंतर. घासताना तोंडाला मास्क, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती काचेची खाज जाता जात नाही.

“तो शर्ट माझ्या मशीनमध्ये येणार नाही,” वहिनींनी जाहीर केलं.

तयार माल आणल्यावर लगेच रंगवायचा नाही. नाकाला रेझिनचा उग्र वास येत असेल, ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर पृष्ठभाग चिकट लागत असेल, तर आतून कच्चा आहे. गच्चीवर उन्हात पडू द्यावा. मग मेण पुसून, घासून, प्रायमर. आणि त्याआधी कोरडा बसवून बघायचा. दोन्ही टोकांची फट सारखी आली पाहिजे. बंपरच्या भोकांत बोल्ट थेट आवळला तर फायबर तिथेच चिरतं. मागे पोलादी पट्टी थरांत गाडून घ्यावी, मोठे वायसर घालावेत, भोकं किंचित लांबट ठेवावीत. मूळ ब्रॅकेटवरच बसला पाहिजे. तो जुळला नाही म्हणून गाडीच्या पत्र्याला नवं भोक पाडायला कुणी ड्रिल काढलं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

याला दुसरंही कारण आहे. २०२१ सालापासून केंद्राचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. बोल्टाने बसणारा बंपर उद्या काढता येतो, कापलेला पत्रा परत येत नाही. मात्र अशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच.

“म्हणजे गोडाऊनवर घेऊन जाता येणार नाही?”

“नाही.”

“देव पावला. मानकोलीच्या कंटेनरांच्या गर्दीत ती लाल डबी घालायची म्हणजे माझ्याच पोटात गोळा.”

वहिनींचं बरोबर आहे, आणि इथेच फायबरबद्दल एक भ्रम काढायला हवा. पोलादी बंपर मार खाऊन वाकतो. फायबर तडकतं. अंजूर फाट्याच्या गर्दीत रिक्षाने टेकवलं तर जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा येतील. मागून घासून, दोन थर मॅट चढवून ते दुरुस्त होतं, पोलादापेक्षा स्वस्तात होतं, पण धडक झेलायची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. गाडी ओढायची तर दोर बंपरला बांधायचाच नाही, खाली सांगाड्याला बांधायचा.

आणि क्रोमचा स्प्रे? तो फायबरवर मारून देतो म्हणणारे भेटतील. खऱ्या क्रोमसारखं वीज सोडून प्लेटिंग फायबरवर थेट होत नाही, फायबर वीज वाहत नाही. चार महिन्यांत तो स्प्रे पिवळट पडतो, मग पद्मिनीची मिशी बरी होती असं वाटेल. गाडीचाच लाल रंग द्यावा, नाहीतर सरळ साधा चांदी रंग. खोटं क्रोम नको.

तेवढ्यात दादा फाटकातून आत आले, हातात त्या डेकोरेशनवाल्याचा नमुना, दिवाळीच्या झुंबरासारखा चमकणारा. वहिनींनी काही न बोलता तो घेतला, उलटा केला आणि भिंतीवरून माझ्याकडे धरला. मागे अख्ख्या पट्ट्यात काचेचे कोरडे पांढरे तंतू.

आता ठरलंय ते असं. काम होडीवाल्याकडे, आयसो रेझिनमध्ये, पाऊस लागायच्या आत. निम्मे पैसे साचा झाल्यावर, निम्मे बंपर गाडीवर कोरडा बसवून बघितल्यावर, आणि रंगाचे पैसे वेगळे.