कंपनीचं ते कंपनीचं

आमच्या घरात ‘बॅटरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आईची बॅटरी उशाशी असते, तिच्यात दोन सेल असतात आणि वीज गेली की ती सापडत नाही. माझी बॅटरी सायकलला आहे. मार्चमधल्या एका संध्याकाळी चांदणी चौकाचा चढ २२ किलोची इलेक्ट्रिक सायकल ढकलत चढून मी घरी आलो आणि दारातूनच “बॅटरी गेली!” अशी घोषणा केली. तेव्हा आई आतून म्हणाली, “मग सेल बदल की. नाहीतर उद्याचा दिवस उन्हात ठेव, धरतील जरा.”

मी हसलो. पुढे महिनाभर या हसण्याची किंमत मोजावी लागली.

उन्हात सेल ठेवणं हा आमच्या लहानपणी घराघरातला उपचार होता. ट्रान्झिस्टरचे थकलेले सेल गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत पडायचे. उबेने आतली रासायनिक क्रिया तात्पुरती जोर धरायची आणि तेवढ्यात कॉमेंट्रीच्या चार-सहा ओव्हर पदरात पडायच्या. लिथियमचं मात्र उलट आहे. ऊन हा त्याचा वैरी. शिवाय त्याला रोज गळ्यापर्यंत भरून ठेवलेलंही मानवत नाही. मी चार वर्षं सायकल पत्र्याच्या शेडखाली लावत होतो आणि रात्रभर चार्जिंगला ठेवून रोज शंभर टक्के भरत होतो. म्हणजे आईचा उपचार मी आधीच केला होता, फक्त मात्रा जरा जास्त झाली होती.

ही सायकल घेतली ती गुडघ्यांच्या डॉक्टरांनी ‘पायडल मारा, पण चढावर मारू नका’ असा सल्ला दिल्यावर. बावधनला राहणाऱ्याला हा सल्ला म्हणजे पोहा, पण भिजू नका. २५० वॉटची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग; त्यामुळे लायसन नाही, नंबरप्लेट नाही, आणि एकदा पूर्ण भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज. पहिल्या वर्षी एका चार्जमध्ये डेक्कनला जाऊन-येऊन दुसऱ्या दिवशीची कोथरूडची भाजीही व्हायची. मग भाजी बंद झाली. मग डेक्कनहून येताना शेवटचे तीन किलोमीटर बंद झाले. मी आधी टायरमधल्या हवेला दोष दिला, नंतर वाऱ्याला. “जाताना वारा समोरून होता,” मी म्हणालो. “आणि येताना?” बायकोने विचारलं. येतानाही समोरूनच होता.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिथे होतं तिथे आता केक मिळतात. फोनवरच्या मुलीने फार गोड आवाजात माझं मॉडेल बंद झाल्याची बातमी दिली. बॅटरी मागवून मिळेल, पण सहा आठवडे लागतील, पैसे आधी भरायचे. तिने सांगितलेली किंमत ऐकून मी दोनदा विचारलं की ही सायकलसकट आहे का.

तरीही मी आठवडाभर ती घ्यायच्या विचारात होतो, हे कबूल करायला हवं. कारण कंपनीचं ते कंपनीचं. हा संस्कार आमच्यात खोल आहे. जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या: कंपनीच्या आणि लोकल. मध्ये ‘ओरिजिनलसारखी’ नावाची एक पोटजात आहे आणि तळाला ‘डुप्लिकेट’. कुकरची रिंग कंपनीची हवी, मिक्सरचं भांडं कंपनीचं हवं. लोकल रिंग आणली आणि भात करपला तर दोष रिंगेचा. कंपनीची आणली आणि करपला तर तांदूळ नवा होता.

या पंथाचे आमच्या घराण्यातले मूळपुरुष म्हणजे वडील. लूना १९७२ साली बाजारात आली. आमच्या वाड्यात यायला १९७८ उजाडलं. तिचा कुठलाही भाग गेला की वडील नाना पेठेत जायचे आणि काउंटरवर कोपर टेकून दरडावायचे, “कंपनीचंच द्या हं. डुप्लिकेट नको.” दुकानदार आत वळायचा आणि आधीच्या गिऱ्हाइकाला ज्या खणातून वस्तू दिली त्याच खणातून तीच वस्तू काढायचा. फक्त या खेपेला तो तिच्यावर फुंकर मारून धूळ उडवायचा, जुन्या चिरगुटाने पुसायचा आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा. दोन रुपये जास्त. वडील घरी येऊन आईला सांगायचे, “बघ, हात लावल्याबरोबर कळतं.” अशा हात लावल्याबरोबर कळणाऱ्या वस्तूंनी ती लूना हळूहळू बदलत गेली. सीट बदललं, टाकी बदलली, पायडल बदलले, दट्ट्या दोनदा बदलला. १९९१ साली विकली तेव्हा मूळची म्हणावी अशी तिच्यात चासी होती, आणि आरसी बुक. घेणाऱ्याला वडिलांनी छाती पुढे काढून सांगितलं, “एकही पार्ट बाहेरचा नाही.” त्याच वर्षी जपानमध्ये सोनीने पहिला लिथियम-आयन सेल विकायला काढला, हे आमच्या वाड्यात कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

शेवटी शेजारच्यांनी तपकीर गल्लीचा रस्ता दाखवला. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत वायरची गुंडाळी घेऊन शिरावं आणि झुंबर घेऊन बाहेर पडावं, असा तिचा लौकिक. तिथल्या एकाने पासोड्या विठोबाच्या बाजूला पाठवलं, तिथल्याने एका लाकडी जिन्याकडे बोट केलं. वर पंचविशीचा एक मुलगा मांडी घालून बसला होता. भोवती वायरी, मल्टीमीटर आणि भिंतीवर हार घातलेला गणपती. मूळ भाग मिळत नव्हता, तेव्हा जो पहिला हाताशी आला तो बसवून काम चालू केलं, आणि तेव्हापासून पहिली पूजा त्याचीच. या धंद्याला इतकं चपखल दैवत दुसरं नसेल. पण ते मला जिना उतरताना सुचलं.

“काका, आणा इकडे,” म्हणत त्याने माझी बॅटरी मांडीवर घेतली. कुठलाही कारागीर काम सुरू करण्याआधी ‘हे आधी कुणी केलं होतं?’ असं विचारून मागच्याचा उद्धार करतो. याला ती संधी नव्हती, सील कंपनीचं होतं. तो जरा हिरमुसला. मग स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

मी चार वर्षं जिची काळजी वाहिली तिला मी पहिल्यांदाच आतून बघत होतो. आत ४० सेल. आईच्या बॅटरीतल्यासारखेच, जरा लांबट. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर उंची. म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. निकेलच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. मी चष्मा सावरून वाचलं. सेलवर आमच्या कंपनीचं नाव नव्हतं, परदेशातल्या तिसऱ्याच कुणाचं होतं. वरच्या सर्किटवर चौथ्याचं.

“मग यात कंपनीचं काय रे?”

“डबा,” तो म्हणाला. “आणि स्टिकर.”

चार-चार सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले होते. त्याने प्रत्येकाला मल्टीमीटर लावला. नऊ गट पावणेचार व्होल्टच्या आसपास, धडधाकट. सातवा गट सव्वादोनवर. माझी बॅटरी गेली नव्हती, चौघे गेले होते. पण पंगतीत एक जण हात धुवायला उठला की उरलेल्यांनी पानात श्रीखंड असतानाही उठायचं, तसा हा कारभार. बीएमएस नावाचं जे सर्किट असतं ते यजमानासारखं सगळ्या पानांवर नजर ठेवून असतं; एक गट रिकामा झाला की ते पंगत मोडतं, कारण त्याच्या पुढे ओढलं तर तो गट कायमचा जातो. चांदणी चौकाच्या चढावर मी सायकल ढकलत होतो तेव्हा ३६ जणांची पानं अर्धी भरलेली होती.

“मग हे चारच बदल की.” आईच्या सल्ल्याशी मी किती जवळ आलो होतो!

“नाही काका. जुन्यात नवे नांदत नाहीत. नव्यांची ताकद निराळी, यांची निराळी. वर्षाच्या आत परत याल तुम्ही.”

मी सेल चांगले असतील ना, असं विचारल्यावर त्याने खणातून सराफाकडे असतो तसला छोटा काटा काढला. या आकाराचा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, म्हणाला. मग एका गिऱ्हाइकाने बाजारातून आणून दिलेला एक भडक सेल ठेवला. त्याच्यावर ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं. “यात साडेतीन हजारच्या वर सहसा मावत नाही, काका. छापायला काय लागतं?” काटा ३१वर थांबला. लक्ष्मी रस्त्यावर मी इतक्या तोळामाशाच्या काळजीने कधी काही घेतलं नव्हतं.

त्याने मला वळवलं ते लिथियमच्याच, पण फॉस्फेटच्या सेलकडे. जाडे, डब्यात न मावणारे, पण थंड डोक्याचे. गरम झाले तरी सहसा पेट घ्यायच्या भानगडीत पडत नाहीत आणि टिकतातही जास्त. २४ सेल, ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, चार्जर वेगळा. जुना चार्जर याला लावायचा नाही, हे त्याने तीनदा बजावलं आणि त्याच्यावर लाल टेप गुंडाळून दिली. या फॉस्फेटच्या शोधाचा मूळ निबंध १९९७चा. त्याच्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावं आहेत आणि तिसरं जॉन गुडइनफ. याच गुडइनफना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळालं, वयाच्या ९७व्या वर्षी. इतक्या मोठ्या माणसाचं आडनाव ‘चालतंय की’ असावं, याने मला कुठल्याही वॉरंटीपेक्षा जास्त धीर आला. वॉरंटी त्या मुलाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिली: ‘१ वर्ष’. खाली सही.

घरी प्रकरण इतक्या सहज पचलं नाही. २०२२ साली पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरींचे व्हिडिओ बायकोला तोंडपाठ होते. सरकारने त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, हे मी सांगितलं. “तुमच्या जिन्यावरच्या मुलाने कुठल्या चाचण्या केल्या?” तिने विचारलं. दोन तास बल्बांच्या लोडवर चालवून दर दहा मिनिटांनी सेलना हात लावून बघितला होता. पण तो हात फक्त मी पाहिलेला. शेवटी तह झाला. चार्जिंग गॅलरीत, जागं असताना, दारापासून आणि तुळशीपासून लांब. “पण लोकल ते लोकलच,” असं म्हणून तिने चर्चेचा समारोप करायला घेतला.

तेव्हा आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्या डोळ्यात काय बसवलंय गं?”

नऊ वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, लेन्स इंडियन की इम्पोर्टेड? आम्ही इंडियन म्हणालो होतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी १९९२ साली ऑरोलॅब काढली आणि शंभर डॉलरच्या वर जाणारी लेन्स दहाच्या आसपास आणून ठेवली. अशांच्या जोरावर तर डॉक्टर तो प्रश्न विचारू शकत होते. दोरा पहिल्या फटक्यात ओवला गेला. बायको चहा टाकायला उठली.

नवी बॅटरी सायकलच्या दांड्यात मावत नाही, म्हणून ती कॅनव्हासच्या पिशवीत कॅरिअरवर बांधलेली असते. परवा शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने मला थांबवून रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, “पार्सल कुठल्या फ्लॅटचं?” मी निमूटपणे मित्राचा फ्लॅट नंबर लिहिला आणि सही केली.

पळते मात्र झकास. तिचा स्वभाव तेवढा अजून अंगवळणी पडायचाय. कंपनीची बॅटरी कुरकुरी होती. थोडं अंतर गेलं की तिचा एक हिरवा दिवा जायचा, मग दुसरा. तिची तब्येत रस्ताभर कळत राहायची. फॉस्फेटचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतो, त्यामुळे सायकलवरचे तिन्ही दिवे ठणठणीत हिरवे. कसं आहे? उत्तम. अजून? उत्तम. आणि वनाझ मेट्रो स्टेशनखाली एकदम तिन्ही गुल. आमचे वडीलही असेच होते. हल्ली मी हँडलला छोटी वही अडकवली आहे आणि प्रत्येक फेरीचे किलोमीटर टिपून ठेवतो. ४१ हा आतापर्यंतचा आकडा. तो बायकोला मी दोनदा सांगितला आहे.

जुने ४० सेल त्या मुलाने भंगारात न टाकता ई-कचऱ्यासाठी वेगळे ठेवले. डबा त्याने पुसून परत दिला, “दांड्यात बसवून टाका, नाहीतर भोक दिसेल.” तो मी बसवला आहे. चंदेरी अक्षरांतलं कंपनीचं नाव पूर्वीसारखंच चमकतं. आत नव्या वायरीखेरीज काही नाही.

बाहेर पडताना मी अजून किल्ली घालून त्या डब्याला कुलूप लावतो. टक असा आवाज येतो तो ऐकतो, एकदा ओढून बघतो, आणि मग मागे जाऊन पिशवीतलं बटण दाबतो. परवा बायको गॅलरीतून बघत होती.

“अहो, रिकाम्या डब्याला कसलं कुलूप?”

“अगं, कुलूप कंपनीचं आहे,” मी म्हणालो.