एका झाडाच्या वाटण्या

भाऊबंदकीत वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडणे महाराष्ट्राला नवे नाही. पण एकाच झाडाचे फूल, पान, बी आणि खोड निरनिराळ्या खात्यांच्या नावावर चढवण्याचा पराक्रम फक्त सरकारच करू जाणे. झाड गांजाचे. वाटणीपत्र म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, बोलीभाषेत एनडीपीएस.

फुलोरा म्हणजे गांजा. तो थेट पोलिसांच्या वाट्याला गेला. १ किलोपर्यंत सापडला तर ‘अल्प प्रमाण’, २० किलोंच्या वर गेला की ‘व्यावसायिक’ आणि किमान १० वर्षे सक्तमजुरी. पाने मात्र फुलोऱ्याच्या संगतीत नसतील तर सज्जन! त्यांची भांग होते, ती राज्यांच्या अखत्यारीत येते, आणि जैसलमेरला सरकारमान्य दुकानात राजरोस मिळते. तीच पाने ‘विजया’ म्हणून आयुर्वेदिक औषधात पडली की आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली. उत्तराखंडातल्या घरांत भांगेच्या बियांची चटणी पूर्वापार वाटली जाते. त्या बिया खाण्याजोग्या असल्याचा साक्षात्कार अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२१ मध्ये झाला. त्याच उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक लागवडीला परवाने दिले. अट एवढीच, की नशा आणणारे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवे. म्हणजे शेतकऱ्याने भांग खुशाल लावावी, पण तिने शुद्धीत राहावे.

झाडाला हे वाटणीपत्र कुणी वाचून दाखवलेले नाही. पोलीसही पाने, देठ, बिया सगळे एकाच पोत्यात कोंबून काट्यावर ठेवतात. हे सगळे वजन गांजाचे कसे धरायचे, असा पेच २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि आरोपीला जामीन मिळाला. त्याच वर्षी बंगळुरूत २९ किलो भांगेसह पकडलेल्या माणसाला जामीन देताना कर्नाटक उच्च न्यायालयाने नमूद केले, की भांग तर लस्सीच्या दुकानांतही विकली जाते.

या सगळ्या तोलामापात एक वारस राहूनच गेला: रुग्ण.

अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१८ मध्ये मुलांमधल्या दोन दुर्धर अपस्मारांवर याच झाडापासून काढलेले एपिडायोलेक्स मंजूर केले. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. त्या २७ मतांत एक भारताचे होते. व्हिएन्नात उदार झालेला हात मायदेशी परतताच खिशात गेला.

त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्याने हिरवा कंदील दाखवला. मग काय, एकच गदारोळ! मुख्यमंत्र्यांनी घाईघाईने हात झटकले. मांडवीत कॅसिनो तरंगतात आणि फेणीला वारशाचा मान आहे, त्या गोव्याची संस्कृती औषधाच्या रोपट्याने बुडणार होती म्हणे.

गंमत अशी, की यासाठी नवा कायदा लागतच नाही. औषधी आणि वैज्ञानिक वापराची सवलत एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये पहिल्यापासून आहे. चरस वगळून गांजाची लागवड, विक्री, वापर यांचे नियम करून परवाने द्यायचा अधिकार कलम १० ने राज्यांना दिला आहे. तेव्हा मंत्रिमहोदयांनी समित्या नेमण्याआधी ही दोन कलमे एकदा वाचावीत आणि नियम काढावेत.