अण्णांचं हेल्मेट

आमच्या मुलुंडच्या अण्णांचा पोलिसांवर काडीचाही विश्वास नाही. "हे नियम सगळे वसुलीसाठी हो! आपल्या देशात काही सुधारणार नाही," असं म्हणत ते स्कूटर स्टँडवरून काढतात. हेल्मेट तेव्हा पुढच्या हुकाला लटकत असतं आणि त्यात बाजारातली कोथिंबीर असते.

एलबीएस मार्गावर मुलुंड ते घाटकोपर हवालदार कुठे उभा असतो, हे अण्णांना तोंडपाठ आहे. सोनापूरला थांबून कोथिंबीर पिशवीत, हेल्मेट डोक्यावर. सिग्नल मागे पडला की उलट क्रम. गांधीनगरला पुन्हा तेच, श्रेयसला पुन्हा तेच. कायद्याची अंमलबजावणी होत नाही असं म्हणणाऱ्याने अण्णांचं डोकं पाहावं. दर नाक्याला शंभर-दोनशे मीटर ती चोख होते.

त्यांचा खरा राग २०१६ साली मुंबईत आलेल्या ई-चलनावर. "पूर्वी माणसाशी बोलता यायचं! मामा पावतीपुस्तक काढायचा, आपण गाव विचारायचं, तो सातारचा निघायचा, आपलंही कुणीतरी सातारला निघायचं..." भ्रष्टाचारावर रोज तासभर बोलणारा माणूस चिरीमिरीच्या आठवणीने इतका हळवा झालेला मी दुसरा पाहिला नाही. आता मोबाइलवर मेसेज येतो, सोबत फोटो. त्यात गाडीचा नंबर आणि अण्णांचं टक्कल दोन्ही स्वच्छ दिसतात. "पाठमोरा फोटो हा काय पुरावा झाला?" असं म्हणून ते चलन बाजूला ठेवतात. लोकअदालत लागली की कमीत मिटतं, हे त्यांना ठाऊक आहे.

अण्णा सगळंच चुकीचं बोलतात असं नाही. हवालदार सिग्नलच्या अलीकडे उभा राहिला तर लाल दिवा मोडलाच जाणार नाही. तो पलीकडच्या वळणावर का उभा असतो? आणि खणून ठेवलेल्या रस्त्याची पावती कुणाच्या नावाने फाडायची? यावर माझ्याकडे उत्तर नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२च्या सप्टेंबरात पालघरजवळच्या अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा घरोघरी झाली. अण्णा खरेच हादरले होते. टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांनी पट्टा शोधला, तर तो सीट कव्हरखाली कायमचा पुरलेला. नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती आली. "आधी उत्खनन करा म्हणावं!" अण्णा म्हणाले, आणि मी मान डोलावली.

वहिनींचा स्वभाव वेगळा. स्कूटरवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागणार म्हटल्यावर त्यांनी दुकानात जाऊन आयएसआयचं हेल्मेट आणलं आणि वापरायला लागल्या. त्यामुळे या जोडप्यात हल्ली मागचं डोकं सुरक्षित असतं.

परवा पाच रस्त्याजवळ, कधी नसते तिथे नाकाबंदी लागली. कोथिंबीर काढायला वेळच मिळाला नाही. तरुण हवालदाराने दोघांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "ताई, गाडी तुम्हीच चालवा की. काकांना मागे बसवा, म्हणजे त्यांना हेल्मेटचा त्रास नको."

इथे अण्णांमधला जाणकार उसळला. "असं कसं? मागच्यालाही सक्ती आहे! नऊ जून २०२२पासून! पाचशे रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द! तुम्हालाच तुमचे नियम माहीत नाहीत, साहेब!"

"बरोबर आहे, काका," हवालदाराने मशीन वर धरलं. "जरा इकडे बघा."