नुसता गजानन

डेटा मॉडेलिंग शिकवताना लायब्ररीचंच उदाहरण देण्याची प्रथा ज्यानं पाडली, त्याला एकदा तुरीच्या हंगामात अकोल्याच्या बाजार समितीत आणून उभं करायला हवं. लायब्ररीत असतं काय? विद्यार्थी एक, पुस्तकं अनेक. नेलं की नोंद, आणलं की खोड. चौकोन काढा, मध्ये शंकरपाळं काढा, रेघा ओढा, झालं मॉडेल. ही चौकोन-शंकरपाळ्यांची विद्या पीटर चेन यांनी १९७६ साली जगाला दिली. अमरावतीच्या क्लासात ती माझ्या अंगात अशी भिनली, की ताटावर बसलो तरी मनात ‘आई – वाढते – पोळी, एकास अनेक’ सुरू.

अकोल्यात आमच्या मामाजींची अडत आहे. तूर, सोयाबीन, हरभरा, शिवाय एका जिनिंगमध्ये भागी. त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं आणि तेही फुकटात, त्यामुळे भाच्याची निवड एकमतानं झाली. आधी धंद्याची गरज समजून घ्यावी, असं शिकलेलो. विचारलं. मामाजी म्हणाले, “काई नाई बाबू, बटन दाबलं का हिशेब निघाला पायजे.” एवढं बोलून ते हर्राशीला गेले. उरलेल्या गरजा दिवाणजींच्या डोक्यात होत्या, आणि दिवाणजी मामाजींच्या वडिलांच्या काळापासून गादीवर होते.

पहिला चौकोन शेतकऱ्याचा. प्रत्येक ओळ वेगळी ओळखू यायला हवी, हा नियम एडगर कॉड यांचा. १९७० साली त्यांनी कॅलिफोर्नियात, आयबीएममध्ये बसून रिलेशनल मॉडेल मांडलं. शेगावला एकदा दर्शनाला आले असते तर त्यांनी जरा सबुरीनं घेतलं असतं. १८७८ साली तिथं गजानन महाराज प्रकटले, आणि तेव्हापासून वऱ्हाडातलं एकही घर गजाननावाचून राहिलेलं नाही. दिवाणजींच्या वहीत ट्रॅक्टरवाला गजानन होता, नाल्यापल्याडचा गजानन होता, मास्तराचा गजानन होता, आणि एक नुसता गजानन होता.

“हा नुसता कोण?”

“तो सगळ्यायच्या आंधी आला होता न.”

“मग मोबाईल नंबरावर ओळखू.”

“मोबाईल पोट्ट्याचा हाय. पोट्टा पुण्याले हाय.”

सातबारा काढून पाहिला, तर जमीन बापाच्या नावावर, बाप देवाघरी, पेरणारा धाकटा भाऊ आणि माल घेऊन आलेला साळा. गजानन धरून या चौघांत माझ्या चौकोनातला शेतकरी नेमका कोणता, हे मी विचारलं. दिवाणजी म्हणाले, “ज्याच्याकडं आपली उचल बाकी हाय, तो.” क्लासात चार आठवडे घोळवलेली व्याख्या त्यांनी एका दमात केली.

मग नातं. एका शेतकऱ्याचे अडते किती? “एकच,” दिवाणजी छातीवर हात ठेवून म्हणाले. मी समाधानानं रेघ ओढली. तेवढ्यात पुढचं आलं, “बायकोच्या नावचा माल दुसऱ्या अडतीत जाते. आपल्या इथं आनला तं आपन उचल कापून घेऊ न बाप्पा!” रेघ खोडली.

मोजमापाचं तर बोलूच नका. जिनिंगमध्ये कापूस येतो क्विंटलवर, रुईची गाठ बांधतात १७० किलोची आणि तिचा भाव बोलतात खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. या तिघांना एका कॉलममध्ये नांदवणं म्हणजे तीन सुनांना एक चूल देणं. तुरीच्या ओलाव्यासाठी मी दशांशाची दोन स्थळं राखून ठेवली होती. दिवाणजींनी पोत्यातून मूठभर तूर काढली, तळहातावर पसरून फुंकर मारली, एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट! “वाळली हाय.” दुसऱ्या पोत्यातला दाणा दबला, पण वाजला नाही. “हे डाल मिलवाला घेनार नाई, याले कडता लागते.” आवाज साठवायचा डेटा टाइप मला शिकवला होता, पण तो गाण्यांसाठी.

खरं तर या मुलखाला मॉडेलिंग नवं नाही. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ सालीच नियमांखाली आला. पुढं १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा वेगळा कायदाच झाला. बाजार कोणाचा, दलाल कोण, मापारी कोण, कोणी काय करायचं, हे चेनसाहेबांच्या ७९ वर्षं आधी इथं कागदावर बसवलेलं होतं. फक्त त्यात शंकरपाळी नव्हती, म्हणून आम्हाला अभ्यासक्रमात नाही.

शेवटी तक्ते उभे राहिले. आवक, सौदा, काटापट्टी, हमाली, तोलाई, उचल, चुकारा. गजाननांना नंबर दिले. नुसत्या गजाननाला एक नंबर मिळाला, आणि इतरांनी त्यावर हरकत घेतली नाही. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिला. म्हणाले, “सब्बन हाय. एक खाना राह्यला.”

“कोणता?”

“चुकारा देतानी बायकोले संग बोलवाचं का नाई, थो.”

दिवाणजींच्या वहीत काही नावांपुढं लाल पेन्सिलीनं बारीक फुली होती. तिचा अर्थ मला इतके दिवस लागला नव्हता, तो आत्ता लागला. अशा फुलीवाल्यांच्या हाती रोकडा दिला, तर तो बसस्टँडपर्यंतच पुरतो. मी कॉलम घातला आणि शिकल्याप्रमाणे विचारलं, “हा सक्तीचा ठेवू, की ऐच्छिक?”

“आमाले काय इचारता बाबू? तिले इचारा.”