झुंबर आणि स्लॅब

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात, जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १८७४ साली सिद्ध झालेल्या त्या दरबारी दालनात, प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे टांगण्यापूर्वी छताचे सामर्थ्य अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका आहे. आणि ती खरी असो वा नसो, छताचा विचार आधी व झुंबराचा मागाहून करावा, एवढा व्यवहार त्या राजेशाही उधळपट्टीतही शिल्लक होता, असे मानावयास हरकत नाही. आमच्या सदनिकाधारकांनी हा क्रम उलटा केला आहे. मुंबईच्या चोरबाजारातून, कोणत्या तरी खालसा संस्थानाची म्हणून (वाड्यांत होत्या त्याहून बाजारात अधिक हंड्या निघाव्यात, हे संस्थानांच्या विलीनीकरणाचे एक अनपेक्षित फलित!) बेल्जियन काचेची हंडी घासाघीस करून हस्तगत करावयाची, आणि साडेनऊ फुटी छताला ती साखळीसह लटकवून घरी येणाऱ्या प्रत्येक उंच पाहुण्यास तिच्यापुढे सक्तीचा मुजरा करावयास लावावयाचे, यास हल्ली अभिरुची म्हणतात. लोलक पुसण्यास राजवाड्यात फरास असत. येथे तो हुद्दा, शिडीसकट, दर रविवारी यजमानांकडेच चालून येतो.