ड्रिफ्टरावांचा जुडगा

कंपनीच्या वेबसाइटवर उजव्या कोपऱ्यात एक गोल बुडबुडा बसलेला असतो. आपण तोंड उघडायच्या आत तो विचारतो, 'नमस्कार, काय मदत करू?' अशाच एका बुडबुड्याचं नाव ड्रिफ्ट. आम्ही त्यांना ड्रिफ्टराव म्हणतो. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांच्यामुळे, गूगलच्या अंदाजाने, ७००हून अधिक कंपन्यांची दारं उघडी पडली. एवढी मदत त्यांनी आयुष्यात कुणाची केली नव्हती.

रावांना गप्पा मारायला ग्राहकाची माहिती लागते आणि ती असते सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत. मग पडद्यावर चौकट येते : 'या ॲपला नोंदी वाचू द्यायच्या का?' साहेब जेवायला निघालेले असतात. 'अलाऊ' दाबतात आणि जातात. झालं, टोकन नावाची किल्ली रावांच्या खिशात! चोरांनी सरळ रावांचाच खिसा कापला आणि जुडगा घेऊन एकेका घरात राजरोस शिरले. ओटीपीसुद्धा कुणी विचारला नाही. इथे आम्हाला दारात आलेला गॅस सिलिंडर घ्यायलाही कोड सांगावा लागतो.

बरं, लुटले कोण गेले? क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स. म्हणजे जगाला कुलपं विकणारे! आमची उत्पादनं शाबूत आहेत, असं त्यांनी लगोलग कळवलं. होतीच शाबूत. गेली ती ग्राहकांची नावं, ईमेल, फोन नंबर आणि तक्रारींचा मजकूर.

या मजकुरातच खरा माल होता. तक्रारीच्या खिडकीत माणूस डॉक्टरसमोर बसल्यासारखा मोकळा होतो. 'सर, लॉगिन होत नाहीये. पासवर्ड खाली देतोय, प्लीज चेक करा.' चोरांनी सगळं वाचलं नाही, एवढा वेळ कुणाला आहे? नुसतं 'पासवर्ड', 'सिक्रेट' शोधलं. क्लाउडफ्लेअरने स्वतःच तो मजकूर चाळला, तेव्हा त्यांना त्यात आपलीच १०४ टोकन सापडली. त्यांचा गैरवापर दिसला नाही, तरी सगळी बदलली. (हे त्यांनी जाहीर सांगितलं, याबद्दल मानलं पाहिजे. आमच्याकडे 'तांत्रिक अडचण' म्हणून भागतं.)

आपल्याकडे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी २०२३चा कायदा आहे. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत, आणि 'ते ड्रिफ्टरावांनी केलं हो' ही सबब चालत नाही. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच. नियम मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. तोवर कंपन्या 'आपली गोपनीयता आम्हाला महत्त्वाची आहे' असे ईमेल पाठवतील. तेही एखाद्या जोडलेल्या ॲपमधूनच.

कुठल्याही ऑफिसात विचारून पाहा, किती ॲप जोडली आहेत? एक हमखास निघेल, मार्केटिंगच्या पोराने महिनाभर फुकट म्हणून जोडलेलं. पोरगा केव्हाच नोकरी सोडून गेला. निरोपाचा केक कापला, एचआरने ओळखपत्र दोरीसकट जमा करून घेतलं. टोकन अजून कामावर हजर आहे, रविवारीसुद्धा.