अण्णांची आवराआवर

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी मुबलक. कुणी देवळाचा जीर्णोद्धार काढतो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. आमचे अण्णा आवरायला काढतात. "आपल्यामागे पोरांना ताप नको," हे वाक्य कानावर आलं की समजावं, माळ्याला शिडी लागली. मुलगा कल्याणला वन-बीएचकेत राहतो आणि आईवडिलांना तिकडे बोलावतो, तेव्हापासून तर शिडी खाली यायचंच नाव घेत नाही.

अण्णांची निम्मी नोकरी डोळखांब, मोखाडा अशा आडवळणाच्या गावी गेली. संध्याकाळी करायचं काय? म्हणून रेडिओ दुरुस्तीचा नाद लागला. हात बसला, तसे गावोगावचे मर्फी, बुश, फिलिप्स त्यांच्याकडे येऊन पडू लागले. बरेचसे बरे होऊन घरी गेले. जे दगावले त्यांचे अवयव बोर्नव्हिटाच्या डब्यांत आहेत. एकात कंडेन्सर, दुसऱ्यात कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, आणि तिसऱ्यावर फळ्यावरच्यासारख्या सुबक अक्षरांत चिठ्ठी: 'कशाचे ते आठवत नाही. टाकू नये.'

दुपारचं जेवण झालं की ओसरीवर सतरंजी पडते. तिच्यावर तीन ढीग: द्यायचं, टाकायचं आणि बघू. पहिल्या तासात 'टाकायचं'मध्ये काय जमतं? काकूंचे श्रीखंडाचे रिकामे डबे. काकू एक अक्षर न बोलता ते उचलून आत नेतात. ढीग पुन्हा रिकामा.

मग ट्रंकेतून निघतो ठाणे जिल्ह्याचा नकाशा, शाळेतल्या पोरांकडून रंगवून घेतलेला. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणू तिकडे गेले. मी म्हटलं, "अण्णा, हा तर बाद झाला."

"बाद कसा? मी नोकरी केली ती ठाणे जिल्ह्यात! आणि हा मोखाडा बघ. हिरवा रंग संपला, तर पोरानं घेवड्याचा पाला चोळला." पाला आता पार तपकिरी पडलाय. नकाशा 'बघू'त.

पाठोपाठ एचएमटीचं चावीचं घड्याळ. सरकारनं २०१६ साली ती घड्याळाची कंपनीच बंद करायचं ठरवलं. "सरकारचं काय जातंय? रोज चावी मी देत होतो." बघू. मग म्हशाच्या जत्रेतली घोंगडी. पौष पौर्णिमेला वडील बैल घ्यायला म्हणून गेले आणि घोंगडी घेऊन आले, ही गोष्ट ती उलगडताना दर वेळी सांगावीच लागते. तेवढ्यात चार वाजतात, चहा येतो, आणि तिन्ही ढीग एकाच ट्रंकेत जातात. उद्या पटकन सापडावं म्हणून.

एकदा काकूंनीच भंगारवाल्याचा टेम्पो थांबवला. त्यानं रेडिओ हातात घेऊन वजनाचा अंदाज काढला. अण्णा लालबुंद. "किलोवर? अरे, बातम्या ऐकल्यात यावर लोकांनी!" भंगारवाला बिचारा ओशाळला. मग त्याला चहा दिला. चहा होईतो अण्णांनी टेम्पोत डोकावून घेतलं. आत एक टेपरेकॉर्डर होता, मोटर धडधाकट. शंभर रुपयांना घेतला. काकूंनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत 'हं' आणि 'वाढू?' एवढंच बोलणं ठेवलं होतं.

देत नाहीत असं मात्र म्हणू नये. मला त्यांनी मोठ्या मनानं सोल्डरिंग आयर्न दिली. दुसऱ्या दिवशी दारात हजर. "जरा लागत होती." आता ती त्यांच्याकडेच असते, विचारलं तर म्हणतात, तुझीच आहे.

तेव्हा कुणाला जुन्या मर्फीचा बँड-स्विच हवा असेल तर जरूर या. अण्णा फुकट देतील, वर चहाही पाजतील. फक्त पत्ता खरा देऊ नका.